तुम्ही विचारलंत म्हणून: १२३४५६७८९ या संख्येत काय काय दडलंय?

मोठी संख्या समोर आली की तिच्याबद्दल काय काय सांगता येतं आणि सुरुवात कुठून करायची, असं बरेच जण विचारतात. सुरुवात मूळ अवयवांपासून करायची. ते हाती आले की बाकीची नुसती आकडेमोड उरते. सगळ्यांच्या ओळखीची १२,३४,५६,७८९ घेऊ.

अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातो. १ ते ९ अंक कुठल्याही क्रमाने लिहिले तरी जातोच. बेरजेची ही कसोटी २७ ला मात्र लावू नका. आधी भागाकार काढा, १,३७,१७,४२१. त्याच्या अंकांची बेरीज २६, म्हणून ३ चा घात दोनवरच थांबला.

७, ११ आणि १३ एकदम तपासता येतात, कारण त्यांचा गुणाकार १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटूनपालटून अधिक-उणे करा: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. यात तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. गट पाडताना आपल्या लाख-कोटींच्या स्वल्पविरामांवर जाऊ नका, तिथेच चूक होते.

आता उरलेल्या १,३७,१७,४२१ ला एकेका मूळ संख्येने भागत गेलात, तर पहिलं यश पाचशेहून जास्त भागाकारांनंतर येईल. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत इथे कमाल करते. कुठलाही विषम गुणाकार दोन वर्गांचा फरक म्हणून लिहिता येतो. वर्गमूळ ३७०३ च्या थोडं पुढे आहे, म्हणून ३७०४ पासून सुरू करा. त्याच्या वर्गातून संख्या वजा केली की २१९५ उरतात, तो पूर्ण वर्ग नाही. ३७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५, बाकी ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग! झालं: ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. दोन्ही मूळ आहेत. खात्रीसाठी ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणं पुरतं.

हे इतकं झटपट जमलं, कारण दोन्ही अवयव वर्गमूळाच्या जवळ आहेत. उलट क्रमाच्या ९८,७६,५४,३२१ ला ९ ने भागून हीच रीत लावलीत, तर पावणेदोन लाखांहून जास्त पायऱ्या लागतील. तिथे साधा भागाकार बरा, १७ लाच यश मिळतं, तेही दोनदा. म्हणून आधी लहान मूळ संख्या संपवाव्यात, मगच फर्माकडे वळावं.

तर आपली संख्या ३² × ३६०७ × ३८०३. प्रत्येक घातात १ मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या मिळते: ३ × २ × २ = १२. त्यांची बेरीज (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३), म्हणजे १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. स्वतःला वगळल्यास ५,४९,६६,०२७, संख्येपेक्षा बरीच कमी. म्हणून ही न्यून संख्या. तिच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे १ सोडून तिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या, लहान संख्या किती? (९ − ३) × (३६०७ − १) × (३८०३ − १), म्हणजे ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२.

अजून एक चकवा आहे. संख्येला ४ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज असेल असं वाटतं. पण ३६०७ आणि ३८०३ दोघांनाही ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि दोघांचाही घात १, म्हणजे विषम आहे; दोन वर्गांच्या बेरजेत अशा मूळ अवयवांचा घात समच असावा लागतो. त्यामुळे दोन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिताच येत नाही.