लेकरू गेलेल्या घरी तेरा दिवसांचा आधार नसतो

म्हातारं माणूस गेलं की काय करायचं ते गावाला ठाऊक असतं. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला पिंड, तेराव्याला गोडजेवण. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं. लहान लेकरू गेलं की यातलं बहुतेक होतच नाही. तान्ह्या बाळाला पुरतात, पिंड नसतो, सुतकही लवकर फिटतं. दोन-तीन दिवसांत पाहुणे परततात आणि मायबाप रिकाम्या घरात उरतात. म्हणून जवळच्यांनी येणंजाणं ठरवून घ्यावं: पहिला आठवडा रोज, मग सव्वा महिना होईस्तोवर आठवड्यातून दोनदा. डब्याचीही पाळी लावा. नाहीतर पहिल्या दिवशी दहा घरचा कडू घास येतो आणि पाचव्या दिवशी चूल थंड असते.

बाळंतिणीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून इथं नीट सांगतो. बाळ गेलं तरी दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध उतरतंच. छाती दगडासारखी होते. फडक्यानं आवळून बांधू नका, त्यानं गाठी धरतात. अंगाला नीट बसणारी बॉडी (ब्रा) घालावी, दहा-पंधरा मिनिटं गार पाण्याची घडी ठेवावी, आणि फारच ठणकलं तर आराम पडेल इतकंच दूध हातानं काढावं. पूर्ण काढलं की शरीर आणखी बनवतं. लाल चट्टा आला, थंडी वाजून ताप भरला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. दूध थांबवायची गोळी मनानं घेऊ नये. बाळंतपणानंतरचे ४२ दिवस आशाताईंनी पाहायचं असतं ते मायलाही. बाळ नाही म्हणून त्यांचं येणं थांबू देऊ नका.

भाविक घराची अडचण वेगळी. सुतकात देवपूजा थांबते, म्हणजे ज्या जागी रोज मन मोकळं व्हायचं तीच जागा बंद. पण वारकऱ्यांत नामाला सुतक नाही. अर्ध्या तासाचा हरिपाठ त्या घरच्या छपरीत म्हणता येतो. तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ असलेल्या गावात सांजेची सामुदायिक प्रार्थनाही तिथं घेता येते. मायला 'तूही म्हण' असा आग्रह नको. ती भिंतीला टेकून बसली तरी पुरे. ती देवावर चिडली तर चिडू द्या. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेले, आणि विठ्ठलाशी त्यांचं भांडण अभंगांत उघड आहे.

'देवाला आवडलं म्हणून नेलं', 'दुसरं होईल', 'हिचा पायगुण' ही वाक्यं दाराबाहेरच थांबवायची. हे काम घरातल्या आजीनं केलं तर ऐकतात. शेजारणीवर करणीचा आळ घेणं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाच आहे. त्याऐवजी लेकराचं नाव घ्या. नाव घेतल्यानं दुःख वाढत नाही, ते आधीच तिथं असतं.

मागं राहिलेल्या भावंडाला 'तो झोपला' म्हणू नका. पोर झोपायला भिऊ लागतं. 'तो मेला, परत येणार नाही, तुझ्यामुळे नाही झालं' एवढं साध्या शब्दांत सांगा. ते पुन्हा पुन्हा विचारेल, दरवेळी तेच सांगा.

बापाकडे लक्ष असू द्या. डवरणी, निंदण शेजाऱ्यांनी उरकून द्यावं, आणि फवारणीचं औषध काही महिने दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवावं. हे आमच्या विदर्भात फार महत्त्वाचं आहे. दोघांपैकी कोणी जेवण सोडलं, 'मलाही जायचं' म्हणालं, तर एकटं सोडू नका. टेली मानसच्या १४४१६ या फुकट नंबरवर मराठीत बोलता येतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत होते, तिथं बापासोबत कोणीतरी जावं.

पहिला तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैलांचा लेकरांचा सण, जड जातो. लेकराचा लाकडी बैल माळ्यावर लपवू नका, आणि परस्पर दुसऱ्या पोराला देऊही नका. आठ दिवस आधी मायला विचारा: सजवायचा, देवापाशी ठेवायचा, की राहू द्यायचा. तिचं उत्तर सकाळी एक आणि सांजेला दुसरं असेल. शेवटचं धरा.