घाटातच बंद पडणारा पीसी

महिना झाला तरी ती बोलेरो डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

सातारला पोवई नाक्याजवळ माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. रोजचं काम म्हणजे रॅम पुसून परत बसवणे आणि "फोटो जाणार नाहीत ना?" याला दहादा उत्तर देणे. त्यात एक खाजगी मोजणीवाले साहेब आले. जावळी-पाटणकडं ड्रोननं जमिनी मोजतात, आणि कुठला कोपरा राहिलाय ते घरी येऊन फोटो जोडल्यावर कळतं, की मग परत तेवढी वारी. लॅपटॉप मांडीवरून दोनदा पडलेला. म्हणाले, माझ्या बोलेरोतच पक्का पीसी बसवून द्या.

यावर इन्व्हर्टर लावा असं सगळेच सांगतात. म्हणजे १२ व्होल्टचे २३० करायचे आणि अडॅप्टरनं ते परत १९ वर आणायचे, दोन्हीकडं नुसती उष्णता. मी १९ व्होल्टचा मिनी पीसी घेतला, ६५ वॅटच्या अडॅप्टरवर चालणारा, आत एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क (हार्ड डिस्कची तबकडी त्या रस्त्यांवर किती टिकणार), आणि बॅटरीवरून थेट डीसी कन्व्हर्टर, ९ ते ३६ व्होल्ट घेऊन त्याचे १९ करणारा. इथं चिंगूसपणा करायचा नसतो, कारण गाडीचे १२ व्होल्ट ही नुसती म्हणायची गोष्ट आहे. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास, आणि थंडीत सकाळी सेल मारला की क्षणभर १० च्याही खाली. स्वस्तातला कन्व्हर्टर तिथंच मान टाकतो आणि पीसी रीस्टार्ट. स्क्रीनवर १२ व्होल्ट लिहिलंय म्हणून लोक तोही थेट बॅटरीला जोडतात, मग जळका वास घेऊन माझ्याकडं येतात.

मला अभिमान आहे तो बंद करायच्या सोयीचा. किल्ली काढली की टायमर पॉवर बटनाच्या दोन पिना क्षणभर जोडतो, विंडोज नीट बंद होतं, आणि दोन मिनिटांनी रिले (आपोआप चालणारा स्विच) सप्लायच तोडतो, नाहीतर गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरलीच. बॅटरीपासून वीतभरावर १० अँपिअरचा फ्यूज, ४ स्क्वेअर एमएमची वायर, पीसी डॅशबोर्डवर उन्हात न ठेवता सीटखाली. ॲक्सेसरीजवाले वायर सोलून पीळ मारून टेप गुंडाळतात तसलं काही नाही, सगळे जोड सोल्डर करून स्लीव्ह घातलेले.

गावात तीन दिवस झकास चालला. चौथ्या दिवशी फोन, यवतेश्वरच्या घाटात बंद पडला. आणि गंमत म्हणजे चढताना, उतरताना नाही.

मी स्वतः तीनदा त्या घाटात गेलो. इव्हेंट व्ह्यूअरमधे (विंडोजची नोंदवही) दर वेळी तेच, कर्नल-पॉवर ४१, म्हणजे लाइट गेली एवढंच त्याला माहीत. तापला म्हणावं तर तापमान ७० च्या आत. मल्टीमीटर कन्व्हर्टरच्या इनपुटला लावून मागं बसलो, आकडा हलेना, आणि पीसी फटकन बंद. मल्टीमीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलणार, मधे निमिषभर सप्लाय तुटला तर त्याला पत्ताच नाही. आणि असली निमिषभराची तूट दाखवणारा स्कोप माझ्याकडं नाही.

शेवटी गेलो ऑटो इलेक्ट्रिशियन बापूंकडं. त्यांनी वायर ओढायच्या दिवशीच विचारलेलं, "अर्थ कुठं धरलास?" (अर्थ म्हणजे करंट बॅटरीकडं परत जायला गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर.) मी म्हणालेलो सीटच्या बोल्टला, त्यावर त्यांनी नुसतं हं केलं होतं. (तेव्हाच बोलायला काय झालं होतं? असो, मीही विचारलं नाही.) बोल्ट खोलला तर थिंबलखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) कंपनीचा रंग तसाच, सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून जात होता.

"आरं, रंगावर अर्थ धरतो व्हय?"

पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, स्टार वॉशर टाकून आवळला. आणि तिथंच मी घाण केली. पीसी बाहेर काढलाच होता तर पीसीत खुपसायची १९ व्होल्टची पिनही बदलली, जरा ढिली वाटत होती म्हणून, एल आकाराची लावून वायर क्लिपनं बांधून टाकली. घाट चढून आलो, एकदाही बंद नाही. साहेब खूश, पैसे दिले, वर कंदी पेढे.

पण बरा नेमका कशानं झाला? अर्थ म्हणावं तर गावातले खड्डे काय कमी आहेत, तिथं कधीच कसा बंद पडला नाही? पिन म्हणावं तर चढाला गाडी मागं कलते, वायर पिनेला ओढत असणार, हे जास्त पटतं. बापूंना सांगितलं तर म्हणे, "चाललंय न्हवं? मग?"

जुनी पिन ड्रॉवरमधे ठेवलीय. पुढच्या वेळी गाडी दुकानात आली की ती लावून एकदा घाट चढून येणार आहे, साहेबांना न सांगता.