ब्रिटनमधले केअरर नोकरी सोडायचा विचार का करतात

ब्रिटनमध्ये घरोघरी जाऊन वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअररने काम सोडायचं म्हटलं, की आपल्याकडे पटकन अंदाज बांधला जातो: दुसऱ्यांची शी-शू काढायचा कंटाळा आला असणार. त्याची सवय महिन्याभरात होते. माणूस थकतो तो घड्याळापायी.

अर्ध्या तासाचा सकाळचा कॉल, म्हणजे घरभेट घ्या. दाराजवळच्या की-सेफमधून (आकड्यांच्या कुलपाच्या डबीतून) किल्ली काढायची, फोनवर कंपनीच्या ॲपमध्ये लॉग-इन करायचं, आधीच्या केअररची नोंद वाचायची, हात धुऊन ग्लोव्ह्ज आणि एप्रन चढवायचा. आजींना उठवून कमोडवर बसवायचं, पॅड बदलायचं, अंग पुसून कपडे घालायचे. गोळ्या गिळल्याची खात्री करून चार्टवर नोंद करायची. मग चहा-नाश्ता, गळ्यात अलार्मचं बटण, पुन्हा नोंदी.

याच वेळात माकडहाड आणि टाचांवरची त्वचा तपासायची असते. लाल डाग बोटाने दाबून पांढरा पडला नाही, तर ती बेडसोअरची (पडून-बसून दाब आल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात असू शकते; ऑफिसला आणि डिस्ट्रिक्ट नर्सला, म्हणजे घरी येणाऱ्या नर्सला, लगेच कळवावं लागतं. (सावळ्या त्वचेवर असा डाग सहज दिसत नाही. तिथे हाताला ऊब किंवा कडकपणा लागतो का ते बघावं लागतं.) कमोडपर्यंत जायलाच दहा मिनिटं लागली, की पहिलं राहून जातं ते हे तपासणं. घरी गेल्यावर केअररच्या जिवाला तेच लागून राहतं. अर्ध्या तासाहून लहान कॉल अपवादानेच ठेवावेत, असं नाइस (NICE) या आरोग्य आणि देखभालीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने २०१५ मध्येच सांगितलंय. तरीही पंधरा मिनिटांचे कॉल रोटावर (कामाच्या वेळापत्रकावर) येतात.

पैशाचं दुखणं त्याहून सरळ आहे. समजा सकाळी सात ते पाऊण वाजेपर्यंत अर्ध्या तासाचे आठ कॉल, मधे सात वेळा पंधरा मिनिटांचा प्रवास. काम झालं पावणेसहा तास, पण मालक फक्त कॉलचे चार तास धरतो. ताशी १३ पौंडांनी ५२ पौंड झाले, म्हणजे प्रत्यक्षात ताशी ९ पौंडांच्या आसपास. एप्रिल २०२५ चा सरकारी किमान दर होता ताशी १२.२१ पौंड. दोन क्लायंटमधला प्रवास किमान पगाराच्या कायद्याने कामाचा वेळ आहे. घरून पहिल्या कॉलपर्यंतचा मात्र नाही. शिवाय दुपारचा रिकामा वेळ बिनपगारी, आणि रात्रीचे कॉल दहापर्यंत.

हॉइस्टने (माणसाला उचलायच्या यंत्राने) उचलायचं तर बहुतेक ठिकाणी दोघं लागतात. दुसरी केअरर अडकली की एकटीनेच उरकायचा मोह होतो आणि कंबर जाते.

भारतातून गेलेल्या आपल्या मुलामुलींना ही नोकरी सोडणंही सोपं नाही. २०२२ मध्ये केअररसाठी व्हिसा खुला झाला, ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्यांना कुटुंब आणता येईना, आणि २२ जुलै २०२५ ला परदेशातून भरतीच थांबली. नोकरी सुटली की मालक होम ऑफिसला (व्हिसा बघणाऱ्या गृहखात्याला) कळवतो, आणि तिथून पत्र आल्यावर साधारण ६० दिवस हातात उरतात. म्हणून राजीनाम्याआधी नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी परवाना असलेला मालक शोधून त्याच्याकडून स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट घ्यावं आणि व्हिसाचा नवा अर्ज करावा. तो मंजूर होईपर्यंत जुनी नोकरी टिकवावी.

तोवर रोज प्रत्येक कॉलला पोचल्याची आणि निघाल्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहावी, रोटाचे स्क्रीनशॉट आणि पे-स्लिपा जपाव्यात. ‘एकास’ (Acas) ही संस्था पगाराबाबत फुकट सल्ला देते. नोकरी सुटल्यावर ॲप बंद होऊ शकतं, त्यामुळे हे सगळं आधीच काढून ठेवावं.