वितळलेला कनेक्टर आणि चाळीस वॅटचं कार्ड

कराडला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. त्या शनिवारी दुपारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील टेम्पो चालवतात, ती इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा करते. टेबलावर तिने दोन वस्तू ठेवल्या: एक छोटा डेस्कटॉप आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरची चित्रं तयार करणारं कार्ड.

"काका, हे यात बसवून द्या. घराचं थ्रीडी मॉडेल फिरवलं की मशीन अडकतं."

मशीन ऑफिसातून निघालेलं, चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचं, आडवं ठेवता येणारं. अशी मशीन मी भरपूर विकली आहेत आणि तेव्हा विद्यार्थ्यांना हीच सांगायचो, कारण कमी पैशात एवढा दणकट प्रोसेसर दुसरीकडे मिळत नव्हता. अडचण त्याच्या पेटीची. कार्ड उभं धरून पाहिलं तर पेटीच्या बाहेर चार बोटं. शिवाय त्याला सहा पिनांची वेगळी वायर लागत होती आणि आतला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, २४० वॅटचा, त्यातून तशी वायर निघतच नाही.

तिने पर्स उघडून एक कन्व्हर्टर काढला. हार्डडिस्कला वीज देणाऱ्या साटा वायरला लावायचा की सहा पिना तयार. "झाकण उघडंच ठेवेन काका, चालेल मला."

मी ड्रॉवर उघडला. त्यात एक साटा कनेक्टर जपून ठेवला आहे. त्याचं एक टोक काळं पडलंय, प्लास्टिक वितळून पिनांवर ओघळलंय. नाकाशी धरला तर अजून जळका वास येतो. तो तिच्या हातात दिला. साटाच्या वायरीत बारा व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. सहा पिनांच्या वायरीतून कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. हा हिशेब मी कागदावर मांडला. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला.

कार्ड तिने साडेतीन हजारांना घेतलं होतं. विकणाऱ्याने पाचशे कापून परत घेतलं. ते पाचशे मला फार लागले. आधी पेटी उघडून दाखवायला आली असती तर वाचले असते.

मग मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या माझ्या नेहमीच्या व्यापाऱ्याला फोन केला. माझ्या अटी ठरलेल्या: लो-प्रोफाइल, म्हणजे निम्म्या उंचीचं, वेगळी वायर नको, आणि जाडी एकाच स्लॉटची, म्हणजे कार्ड खोचायच्या एकाच खाचेपुरती, कारण या मशीनमध्ये मोठा स्लॉट एसएमपीएसला अगदी खेटून आहे. त्याच्याकडे क्वाड्रो पी६०० नावाचं कार्ड होतं. दोन जीबी मेमरी आणि खर्च ४० वॅट, सगळा स्लॉटमधूनच. बत्तीसशेला ठरलं. या कार्डावर मॉनिटर जोडायला फक्त मिनी डिस्प्लेपोर्टची छोटी भोकं असतात आणि तिचा मॉनिटर जुन्या व्हीजीए केबलचा, म्हणून कन्व्हर्टरही सोबत मागवला. हा खर्च लोक हमखास विसरतात.

मंगळवारी पार्सल आलं. कार्ड छान होतं, पण पत्र्याची पट्टी उंच पेटीची, छोटी पट्टी नव्हतीच. भंगारातल्या एका बंद कार्डाची छोटी पट्टी काढली. एक भोक जुळलं, दुसरं ड्रिलने पाडलं, पोर्टची खाच कानसने वाढवली. तासभर गेला. ती शेजारी स्टुलावर बसून टॉर्च धरत होती.

बसवलं, चालू केलं. डिस्प्ले नाही.

रॅम काढून लावली. केबल बदलली. तरी नाही. शेवटी डोळा स्लॉटच्या पातळीला आणून पाहिलं तेव्हा दिसलं: पट्टीकडच्या बाजूला सोनेरी पिनांची बारीक रेघ बाहेर डोकावत होती, मिलिमीटरभर. माझी पट्टी किंचित खाली वाकली होती, त्यामुळे स्क्रू आवळला की कार्ड मागून उचललं जायचं. पक्कडीने पट्टी सरळ केली, कार्ड दाबलं, खटका वाजला. स्क्रीनवर कंपनीचा लोगो आला तशी ती उभीच राहिली.

रॅमची एकच चार जीबीची कांडी होती. तेवढ्यावर मॉडेल अडकणारच, कार्ड कितीही चांगलं असलं तरी. माझ्याकडची जुनी डीडीआर३ची चार जीबीची कांडी शेजारी लावली. मग तिचं मॉडेल उघडलं: दोन खोल्या, जिना, गच्चीवर पाण्याची टाकी. माऊसने फिरवलं आणि ते न अडकता फिरलं. तिने ते पुन्हा पुन्हा फिरवलं, जिन्याच्या आत जाऊन बाहेर आली. अर्धा तास चालवून कार्डाचं तापमान पाहिलं, झाकण बंद केलं, पुन्हा पाहिलं. ठीक होतं.

निघताना वडिलांनी पैसे मोजून दिले. ती दारातून मागे आली.

"काका, तो जळका कनेक्टर मला द्याल? वर्गातल्या तिघांकडे हेच मशीन आहे. त्यांनीही तसलेच कन्व्हर्टर मागवलेत."

मी ड्रॉवर उघडून तो तिला दिला, आणि हिशेबाचा कागदही.