डेकवरचे ५० वॉट आणि मीटरवरचे १९

गंगापूर रोडच्या एका गिऱ्हाइकाची हॅचबॅक आली होती. कंपनी फिटिंगचा डेक (गाडीतला म्युझिक प्लेअर), दारात कंपनीचेच स्पीकर. ‘भाऊ, माहितीपत्रकात ५० वॉट गुणिले ४ दिलंय, मग आवाज असा पिचका का? आणि बेस तर नाहीच.’ एका दुकानात त्यांना हजार वॉटचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) टाकायला सांगितलं होतं.

हे ५० येतात कुठून? गाडी चालू असतानाच्या १४.४ व्होल्टचा वर्ग भागिले स्पीकरचे ४ ओहम, ५१.८ वॉट. म्हणजे डेकमधली ॲम्प्लिफायरची चिप, आयसी, आवाज पूर्ण फाटून गोल लाटेऐवजी चौकोनी लाट देत असताना. गाणं त्यात ऐकता येत नाही.

मोजलंच. इंजिन चालू, बॅटरीवर १४.२ व्होल्ट, स्पीकरच्या जागी ४ ओहमचा ५० वॉटी रेझिस्टर, डेकचा बेस-ट्रेबल शून्यावर आणि २०० हर्ट्झचा टोन. साधे मीटर ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचे नसतात. स्कोप (लाटेचा आकार दाखवणारं यंत्र) बॅटरीवर चालणाराच घ्यावा, कारण स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सुमारे ७ व्होल्ट डीसी असतो, मायनस समजून एक बॉडीला टेकवली तर आयसी जाऊ शकतो. व्हॉल्यूम २९ पर्यंत लाट गोल, ३० ला डोकं सपाट, म्हणजे आवाज फाटायला लागला. २९ वर ८.७ व्होल्ट, म्हणजे १९ वॉट. यात डेकचा दोष नाही. १२ व्होल्टच्या गाडीत साध्या आयसीकडून ४ ओहमला फार तर विसेक वॉट निघतात.

बेसचं दुखणं मात्र वेगळंच होतं. बॅलन्स एका बाजूला नेला की बेस येई, मध्ये आणला की गायब. डावा स्पीकर कपलरपासून (वायरींच्या जोडापासून) सोडवून १.५ व्होल्टचा सेल लावला: सेलचा प्लस कपलरच्या प्लसला, तरी कोन (स्पीकरचा पडदा) आत गेला. बाहेर यायला हवा. डेंटिंगनंतर कुणीतरी वायरी उलट जोडून टेप गुंडाळला होता, म्हणून एक स्पीकर हवा ढकलताना दुसरा ओढत होता. सरळ केल्या, बेस परत. फुकटात.

मग दारं. आतल्या पत्र्याची मोठी भोकं ब्यूटिल शीटने (चिकट रबरी शीटने) बंद केली, नाहीतर कोनच्या मागची हवा पुढे येऊन बेस खाते. दाराच्या तळाची भोकं मात्र उघडीच ठेवायची. त्र्यंबकच्या पावसात काचेच्या रबरातून पाणी आत उतरतंच, ते निघायला वाट हवी. स्पीकर बसवायची रिंग प्लास्टिकची. एमडीएफ (लाकडी भुशाचा बोर्ड) पाण्याने फुगतो.

पुढे साडेसहा इंची ६० वॉटचे कंपोनंट स्पीकर (ट्विटर वेगळा असलेले) आणि ५० वॉट गुणिले २ चा ॲम्प घातला, हाय-लेव्हल इनपुटवाला, म्हणजे डेकच्या स्पीकर वायरींवरूनच सिग्नल घेणारा. वायर ६ चौरस मिमी, खऱ्या तांब्याची; तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम नको. २० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. ॲम्पची मायनस वायर बॉडीला जोडायच्या, अर्थिंगच्या जागी रंग खरवडून पत्रा उघडा केला. जोरात वाजवताना बॅटरी आणि ॲम्पच्या टर्मिनलमधला फरक ०.३ व्होल्ट भरला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर बहुतेकदा अर्थिंगच कच्चं असतं.

हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर, डेक २९ वर, मग ॲम्पच्या आउटपुटला १४ व्होल्ट येईपर्यंत गेनचा (सिग्नल किती वाढवायचा त्याचा) नॉब फिरवला: ४९ वॉट. १९ वरून ४९, आणि तरी वाढ जेमतेम ४ डेसिबल. गिऱ्हाइकाला जो फरक जाणवला त्यातला बराचसा दारांचा आणि त्या उलट्या वायरीचा. ‘बेस बूस्ट फिरवू का?’ त्यांनी विचारलंच. ६ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात चौपट पॉवर, जवळपास २०० वॉट. ॲम्पकडे तेवढी नाही. नॉब शून्यावर ठेवून वरून टेप लावला.