वरचं दूध, अंगावरचं दूध

गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून फेसाळता पेला हातात देणारं आमचं कोल्हापूर. तिथं माहेरी बाळंतपणाला यायचं आणि ‘बाळाला अंगावरचं पुरत नाही’ म्हणायचं, म्हणजे गल्लीला आयता विषय. इथल्या पोरांच्या भाषेत सांगायचं तर विषय हार्ड होता.

सिझेरियन ठरलेलं नव्हतं, ऐन वेळी करावं लागलं. रक्त बरंच गेलं. मुलगी 2 किलो 900 ग्रॅमची. पहिल्या दिवशी चिकाचे नुसते थेंब आले तेव्हा मी घाबरले नाही, कारण पहिल्या 24 तासांत बाळ एका वेळी 2 ते 10 मिलीच पितं हे माहीत होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते, ठणकते, असं सगळ्याजणी सांगत होत्या. माझी मऊच्या मऊ. सिझेरियननंतर दूध उतरायला वेळ लागू शकतो आणि रक्तस्राव जास्त झाला असेल तर आणखी उशीर होऊ शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात दवाखान्यात एका रात्री, मला झोप मिळावी म्हणून, न विचारता बाळाला बाटलीने पावडरचं दूध पाजलं गेलं. हेतू चांगलाच असेल. पण मला उठवून विचारायला किती वेळ लागला असता?

घरी आलो आणि पाचवीच्या पूजेला बायका जमल्या. एक म्हणाली अळिवाची खीर दे, दुसरी म्हणाली शतावरी दुधातून, तिसरी म्हणाली पाणी कमी पी, बाळंतिणीच्या अंगात पाणी धरतं. एका काकींनी तर आईकडे बघून, “तुझं पण असंच होतं की गं, आटलं होतं लगेच,” असं ऐकवलं. आई काही न बोलता चहाचे कप गोळा करायला लागली. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: पोरगी गुणाची, अजिबात रडत नाही.

सगळी गोम तिथंच होती. ती रडत नव्हती, कारण तिच्यात रडायचं त्राण नव्हतं. छातीला लावलं की दोन-चार घोट घेऊन डोळे मिटायची आणि आम्ही म्हणायचो, पोट भरलं. लंगोट बराच वेळ कोरडा. एकदा त्यावर विटकरी डाग दिसला, आईला वाटलं रक्त. बालरोगतज्ज्ञ बाईंनी बघताक्षणी सांगितलं की रक्त नाही, लघवी दाट झाल्याने पडणारा तो डाग आहे, दूध कमी जातंय. वजन भरलं 2 किलो 590. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, पण 10 टक्क्यांच्या पुढे गेलं की वाट बघत बसायचं नसतं, असं त्या म्हणाल्या. कावीळही वाढलेली. कावीळ असलेलं बाळ झोपाळू होतं, झोपाळू बाळ कमी पितं, आणि कमी पिलं की कावीळ लवकर उतरत नाही. तिला निळ्या दिव्यांखाली ठेवलं.

वरचं दूध द्यायचं की नाही यावर घरात दोन तट होते. डॉक्टरीणबाईंनी तो वाद एका वाक्यात मिटवला, “आज तिच्या पोटात जाऊ दे, कुणाचं ते नंतर बघू.” पावडरचा डबा आला. त्यावर बाळाचं चित्र नाही हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. आपल्याकडे 1992 च्या कायद्याने ते छापायला बंदी आहे, आणि आईचं दूधच सर्वांत चांगलं असं त्याच डब्यावर लिहावं लागतं. पहाटे तीनला ते वाक्य वाचत पावडर मोजायची म्हणजे कंपनीकडून बोलणी खाल्ल्यासारखं वाटतं. आमच्या डब्याला 30 मिली पाण्यात एक सपाट माप होतं. ‘जड पडेल, जरा पातळ कर’ हा शेजारचा सल्ला मी धुडकावला. पातळ दुधाने पोट भरतं, पण बाळ वाढत नाही.

बाटली मात्र आणली नाही. आज्जीने ट्रंकेतून चांदीचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी, काढलं. ते उकळून घ्यायचं आणि बाळाला जरा उभट धरून हळूहळू पाजायचं.

मग राजारामपुरीत एका स्तनपान सल्लागार बाईंकडे गेलो. घरी त्यांचं नाव ‘लॅक्टेशनवाल्या मॅडम’ पडलं. त्यांनी आधी काही सांगितलंच नाही, मला पाजायला सांगून पूर्ण वेळ नुसत्या बघत बसल्या. बाळाचं वजन पिण्याआधी आणि नंतर त्याच कपड्यांत केलं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. अर्धा तास पाजून काटा 20 ग्रॅमने पुढे सरकला होता. मला रडू आलं. त्या म्हणाल्या, “रडू नका, आता आकडा तरी कळला. इतके दिवस सगळे अंदाजाने बोलत होते.”

पकड चुकत होती. मुलगी फक्त बोंड तोंडात घेत होती, त्यामुळे दूध कमी येत होतं आणि बोंडं चिरली होती. टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला बगलेखाली, पाय मागे करून धरायला शिकवलं. नाक बोंडासमोर, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, मग पटकन जवळ घ्यायचं, छाती बाळाकडे वाकवायची नाही. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि वरच्यापेक्षा खालचा काळा भाग जास्त तोंडात. चोखणं आणि गिळणं यातला फरकही तेव्हाच कळला. गिळताना हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते आणि ‘कः’ असा बारीक आवाज येतो. तो थांबला की छाती हाताने हलके दाबायची, पुन्हा दोन-चार घोट जातात.

दूध बनतं कसं हेही त्यांनी समजावलं. बाळ चोखतं तेव्हा आईच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन सुटतं, त्याने दूध बनतं. ऑक्सिटोसिन या दुसऱ्या हार्मोनने ते बाहेर ढकललं जातं. दूध आत साचून राहिलं की बनायचा वेग मंदावतो. म्हणून दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजायचं आणि नंतर पंपाने किंवा हाताने उरलेलं काढायचं. घरी येऊन हे सगळं आईला सांगत होते तेव्हा आज्जी ऐकत होती. कागल तालुक्यातली ती, उभा जन्म गोठ्यात गेलेला. म्हणाली, “ह्यात नवं काय? कास पुरती रिती केली न्हाई तर म्हस आटती. आन रेडकू ढुशा देतंय ते काय उगंच व्हय? धारंच्या वक्ताला गोठ्यात कालवा झाला तर म्हस पान्हा चोरती.” म्हशीच्या रांगेत बसवलं म्हणून आई चिडली. मला मात्र इतक्या दिवसांत ऐकलेल्या सल्ल्यांत हाच पटला. त्या दिवसापासून पाजायच्या वेळी आज्जी खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागली. बाळ बघायला आलेल्या काकी-मावश्या बाहेरच चहा पिऊन परत.

डॉक्टरीणबाईंनी माझंही रक्त तपासलं. थायरॉइड ठीक होतं, हिमोग्लोबिन 7.6. इतके दिवस सगळ्यांचे डोळे बाळावर आणि माझ्या छातीवर; माझे ओठ पांढरे पडलेत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सलाईनमधून लोह दिलं. दूध वाढवायच्या गोळ्यांबद्दल मी विचारलं. डोमपेरिडोन त्यासाठी काही वेळा देतात, पण काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, मेडिकलमधून आपल्या मनाने आणायची नाही, असं त्यांनी बजावलं. आधी रक्त आणि पकड सुधारू म्हणाल्या. शतावरी-मेथीबद्दल म्हणाल्या की ठोस पुरावा फारसा नाही. अळीव, डिंक, खसखस आवडत असेल तर खा, भूक मारू नका, तहान लागेल तेवढं पाणी प्या. मी अळिवाचे लाडू खाल्ले, कारण आईला काहीतरी करायचं होतं आणि ते चांगले झाले होते.

पंपाचं काम मात्र कंटाळवाणं. सुरुवातीला बाटलीचा तळ झाकेल एवढंच दूध यायचं. पंपातून कमी आलं म्हणजे छातीत कमी आहे असं नसतं, बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं, हे ठाऊक असूनही रोज हिरमुसायला व्हायचं. रात्री बाळ आईकडे देऊन मी झोपावं असा तिचा आग्रह होता. पण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, म्हणून मी रात्रीच्या पाळ्या सोडल्या नाहीत, दिवसा झोपले. नवरा पुण्याहून शनिवारी यायचा आणि पंपाचे भाग धुवायचा. तेवढी मदत फार मोठी होती, कारण धुणं न संपणारं होतं.

आम्ही फक्त ओले लंगोट आणि वजन मोजायचं ठरवलं. दिवसरात्रीत 6 तरी ओले हवेत, शी पिवळी हवी, वजन दिवसाला 25-30 ग्रॅमने वाढायला हवं. बाळ किती वेळ रडलं, छाती किती भरल्यासारखी वाटते, हे हिशेबातून काढून टाकलं. वजन जन्माच्या आकड्याला यायला उशीर लागला, पण एकदा आल्यावर काटा थांबला नाही. मॅडमकडे पुन्हा पिण्याआधी-नंतरचं वजन केलं तेव्हा 55 ग्रॅमचा फरक आला. वरचं दूध मग एकेका वेळेचं कमी करत नेलं, दर वेळी वजन बघून.

संध्याकाळी मात्र काही केल्या भागायचं नाही. दिवेलागणीला ती छातीशी चिकटून बसायची, सोडली की आकांत. या वयाची बरीच बाळं संध्याकाळी असं सारखं पितात. पण माझ्याही अंगात तेव्हा काही उरलेलं नसायचं. तेवढी एक वेळ डब्याची राहिली. महिना संपल्यावर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे पण बंद करायचं का? त्यांनी वजनाचा तक्ता बघितला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “कशाला?” उष्टावणापर्यंत संध्याकाळचं बोंडलं चालू राहिलं.