काठमांडूची फ्लाइट आणि कल्याणहून आलेलं वोटर कार्ड

मी मुंबई एअरपोर्टला टी-टूवर चेक-इन काउंटरला असते, आणि काठमांडूची फ्लाइट असली की माझं लक्ष आधी लोकांच्या हातातल्या कागदांकडेच जातं. त्या दिवशी कल्याणची एक फॅमिली आली, आजी, मुलगा, सून, सोळा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू. मुलाने पाच आधार कार्डं काउंटरवर ओळीने मांडली. मी विचारलं सर पासपोर्ट किंवा वोटर कार्ड, तर म्हणाले मॅडम नेपाळला कुठे व्हिसा लागतो, एजंटने सांगितलंय आधार चालतं.

व्हिसा लागत नाही हे खरंच आहे, 1950 च्या करारापासून आपली ये-जा मोकळी आहे. पण विमानाने जाताना तुम्ही भारताचे नागरिक आहात हे दाखवावं लागतं आणि आधार ते दाखवत नाही, कारण इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही आधार निघतं. मतदार मात्र फक्त नागरिकच होतो, म्हणून इलेक्शन कमिशनचं कार्ड चालतं. पॅन, लायसन्स, काहीच चालत नाही. सोनौलीच्या बॉर्डरवर लोक चालत पलीकडे नेपाळमध्ये जातात ते ऐकून सगळ्यांना वाटतं विमानालाही तसंच असेल, आणि तिकीट विकणारा जर हे एक वाक्य सांगत नसेल तर मला त्याचा खरंच राग येतो, लोकांचे वर्षभराचे पैसे असतात हो त्यात.

सूट आहे ती 15 च्या आतल्यांना आणि 65 च्या वरच्यांना, त्यांना वय आणि ओळख पटेल असा फोटोवाला कागद पुरतो, त्यात आधारही येतं. म्हणजे आजी जाऊ शकत होत्या, नातू जाऊ शकत होता, मधले तिघं अडकले. आजींचं आधार साडीच्या दुकानाच्या पिशवीत, पासबुकात घालून ठेवलेलं, लॅमिनेशनच्या कडा सुटलेल्या, आणि पूर्ण जन्मतारीख नाहीच, नुसतं साल, 1953. मी सांगितलं आजी तुमचं चालेल, तर म्हणाल्या, "मी एकटी जाऊन काय करू गं पोरी, ह्या सगळ्यांना पशुपतीनाथाला न्यायचं म्हणून तर भिशीचे पैसे साठवले." सून तोंड फिरवून उभी राहिली.

ड्युटी मॅनेजरांना बोलावलं, त्यांनी नियम परत उघडून वाचला, आणि त्यात फॅमिलीसाठी एक कलम आहे, नवरा-बायको, अल्पवयीन मुलं आणि आईवडील एकत्र जात असतील तर एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा वोटर कार्ड असलं तरी चालतं, बाकीच्यांकडे फोटोवाली ओळख आणि नात्याचा पुरावा हवा, रेशनकार्ड वगैरे. मुलाचं वोटर कार्ड घरी होतं, देव्हाऱ्याखालच्या खणात, रेशनकार्डाच्याच पिशवीत. चावी शेजारी. काउंटर बंद व्हायला दोन तासांपेक्षा थोडं कमी.

शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा निघाला. कल्याण ते घाटकोपर फास्ट, तिथून मेट्रोने मरोळ नाका, पुढे रिक्षा. दर स्टेशनला त्याचा मेसेज, ठाणे, मुलुंड, आणि प्रत्येक वेळी नात मोठ्याने वाचायची. मी दुसऱ्या पॅसेंजरच्या बॅगा वजन करत होते पण कान तिकडेच.

आत आलेल्या पॅसेंजरला असंच बाहेर सोडत नाहीत, त्यामुळे मी आजींच्या मुलाला घेऊन गेटवर गेले, सीआयएसएफच्या जवानाला सगळं सांगितलं. तो पोरगा पायात स्लीपर, शर्ट घामाने चिकटलेला, लांबूनच पिशवी वर धरून पळत आला. ओरिजिनल वोटर कार्ड, केशरी रेशनकार्ड, त्यावर पाचही नावं. परत काउंटरला आलो तेव्हा बंद व्हायला अकरा मिनिटं होती. एकेक नाव आधारशी ताडून पाहिलं, नातीचं शाळेचं आयकार्ड तिच्या सॅकमध्ये होतंच, आणि पाच बोर्डिंग पास काढले. इमिग्रेशनलाही ड्युटी मॅनेजर स्वतः सोबत गेले, तिथूनही सुटले.

जाता जाता आजींनी हातातल्या पिशवीतून डबा काढला, बेसनाचे लाडू, आणि म्हणाल्या दोन त्या पोराला दे, जेवला पण नसेल. मी परत गेटवर गेले. तो अजून तिथेच कठड्याला टेकून उभा होता, मला बघून आधी एवढंच विचारलं, "गेले का?"